लगदा झालेल्या जनगणनेची नक्कल

आयर्लंडच्या १८८१ च्या जनगणनेतली तुमच्या घराण्याची नोंद काढून देतो असं कोणी म्हणालं, तर बोलणं तिथेच थांबवा. ती जनगणना उरलेलीच नाही. पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली तेव्हा १८८१ आणि १८९१ चे तक्ते सरकारनेच लगदा करायला दिले. आमच्या घरी मात्र तिचा 'प्रमाणित उतारा' आला, गोल शिक्क्यासकट, आणि त्याचे डॉलर रीतसर मोजले गेले.

मी न्यू जर्सीत राहते. आसपास अशी बरीच मराठी घरं आहेत जिथे जावई किंवा सून आयरिश-इटालियन वंशाची आहे, आणि नातवंडं मोठी झाली की दोन्हीकडच्या मुळांची चौकशी सुरू होते. त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझ्या सासूबाई ब्रुकलिनमध्ये जन्मल्या. त्यांच्या वडिलांचे वडील आयर्लंडच्या मेयो काउंटीतले, आईचे वडील दक्षिण इटलीतल्या काम्पोबास्सोकडचे. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला घराण्याचा इतिहास छापून द्यायचा असं मुलांनी ठरवलं आणि माझ्या दिराने एक वंशावळ-संशोधक गाठला. आपण डब्लिनमध्ये बसतो, इटलीत आपला माणूस आहे, असं तो सांगायचा. बोलायला गोड आणि उत्तराला तत्पर.

त्याची खरी हुशारी पहिल्या पाकिटात होती, कारण त्यातलं सगळं खरं होतं. १९०१ च्या जनगणनेचा तक्ता: सासूबाईंचे पणजोबा, पणजी, मुलं, कोणाला लिहिता-वाचता येतं, कोण आयरिश भाषा बोलतं, सगळं त्या काळच्या हस्ताक्षरात. सासूबाई तो कागद घेऊन रडल्या. पुढचे पैसे त्या रडण्यावर मिळाले. हाच तक्ता आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर १९०१ आणि १९११ या दोन्ही सालांसाठी कोणालाही फुकट दिसतो, हे तेव्हा घरात कोणालाच माहीत नव्हतं. एका फुकटच्या कागदावर त्याने विश्वास कमावला आणि पुढे तोच विकत राहिला.

दुसऱ्या पाकिटात १८८१ चा उतारा आला. आता पणजोबा पोरसवदा आणि त्यांचे आईवडील घरात. हा मात्र टंकलिखित, मूळ पानाचं छायाचित्र नाही. माझे बाबा तहसील कचेरीत रेकॉर्ड रूमला होते, त्यामुळे नक्कल म्हटलं की मी आधी मूळ दप्तराचा क्रमांक शोधते. तो नव्हता. मी मेलवर विचारलं, तर उत्तर आलं: गोपनीयतेच्या कायद्यामुळे छायाचित्र देता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या मेलेल्या माणसांची गोपनीयता! तिथून मी वाचायला बसले.

आयर्लंडच्या कागदांची कहाणी दुःखाची आहे. १९२२ च्या ३० जूनला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालय-संकुलातलं सार्वजनिक अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना तिथे होत्या. त्यांचे तुटक अंश तेवढे उरले. १८६१ आणि १८७१ चे तक्ते त्याआधीच सरकारी हुकमाने नष्ट केले होते. जन्म-मृत्यूची सर्वांसाठीची सरकारी नोंदणी १८६४ पासूनची. त्यामागे जायचं तर चर्चची वही, किंवा १८४७ ते १८६४ या काळात झालेली ग्रिफिथची जमीन-आकारणी, जिच्यात कुळाचं आणि जमीनमालकाचं नाव असतं, बायकोमुलांचं नाही. कॅथलिक चर्चच्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये फुकट खुली केली, पण वाचताना डोळे फुटतात आणि अनेक गावांच्या वह्या सुरूच उशिरा होतात. म्हणजे गरीब आयरिश कुटुंबाचा माग साधारण १८२०-३० च्या आसपास संपतो. आमच्या संशोधकाने आम्हाला थेट सोळाव्या शतकातल्या सरदारापर्यंत नेलं होतं, वर रंगीत कुलचिन्ह. कुलचिन्ह एखाद्या व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना बहाल होतं, आडनावाला नाही. त्या आडनावाच्या प्रत्येकाला ते विकणं हा जुना धंदा आहे.

इटलीत परिस्थिती उलटी. काम्पोबास्सो ज्यात होतं त्या नेपल्सच्या राज्यात नागरी नोंदणी १८०९ पासूनची, आणि 'आन्तेनाती' या सरकारी अभिलेखागारांच्या संकेतस्थळावर काम्पोबास्सोच्या वह्यांची पानंच्या पानं फुकट आहेत. इथे खोटं बोलायची गरजच नव्हती, पण शोधायचे कष्ट त्याला नको होते. त्याने पाठवलेल्या जन्मदाखल्यात आईचं आडनाव नवऱ्याचं होतं. इटलीच्या नोंदवह्यांत बाई जन्मभर माहेरच्या आडनावानेच राहते, लग्नानंतरही. तो एक शब्द पाहिला आणि दाखला खोटा हे मला कळलं. शिवाय त्याने जोडलेल्या जहाजाच्या यादीत आडनाव भलतंच होतं. त्यावर त्याचं स्पष्टीकरण: न्यूयॉर्कच्या बंदरात स्थलांतरितांची तपासणी व्हायची त्या एलिस आयलंडवरच्या कारकुनाने नाव बदललं. हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं म्हणून पटतं. प्रत्यक्षात यादी जहाज कंपनी निघतानाच्या बंदरात लिहायची. एलिस आयलंडवर तीच समोर ठेवून प्रश्न विचारायचे. नावं बदलली ती बहुतेक नंतर, शाळेत, कारखान्यात, लोकांनी स्वतःहून. त्या थापेच्या आधाराने एक सबंध परकं कुटुंब आमच्या वंशावळीत घुसलं होतं.

सर्वात मोठी रक्कम गेली ती नागरिकत्वाच्या नावाखाली. पणजोबा इटालियन, तेव्हा पासपोर्ट मिळेल, फाइल तयार करतो, असं त्याने नवऱ्याला आणि दिराला सांगितलं, तेही २०२५ च्या उन्हाळ्यात. त्याच वर्षी मार्चच्या अध्यादेशाने आणि मे महिन्यात झालेल्या कायद्याने हा हक्क मुख्यतः आईवडील किंवा आजी-आजोबा यांच्यापर्यंत आणून ठेवला होता. २७ मार्चपर्यंत अर्ज केलेल्यांची गोष्ट वेगळी. आमचा अर्ज कुठेच नव्हता, आणि पणजोबांच्या आधाराने तो आता टिकणारही नव्हता.

पैसे त्याने अॅपवरून 'मित्र-कुटुंब' हा पर्याय निवडायला लावून घेतले होते, हप्त्याहप्त्याने. शुल्क वाचतं म्हणे. त्या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसतं, म्हणून अॅपवाल्यांनी हात वर केले. दिराने फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवली आहे. ते लोक नोंद घेतात, एकेकट्याच्या तक्रारीवर पैसे वसूल करून देत नाहीत. क्रेडिट कार्डाने दिले असते तर निदान बँकेशी भांडता आलं असतं.

कोणाला संशोधक नेमायचाच असेल तर प्रत्येक नोंदीसोबत मूळ पानाचं छायाचित्र आणि ते कुठल्या अभिलेखागारात, कुठल्या वहीत, कितव्या क्रमांकावर आहे हे मागा. प्रामाणिक माणूस न मागताच देतो. 'काही सापडलं नाही' असं लिहून देणाऱ्यालाही पैसे द्या, कारण तेही कामच आहे. इटलीतला दाखला हवा असेल तर गावाच्या नगरपालिकेला, म्हणजे कोमूनेला, साध्या इटालियनमध्ये स्वतः पत्र लिहा. मी लिहिलं. उत्तर उशिरा आलं, पण पणजीचं खरं माहेरचं आडनाव त्यात होतं.

आमच्या त्या माणसाचं जुनं पान आता बंद आहे. तीच मांडणी, तोच गोल शिक्का असलेलं दुसरं पान दिराला अलीकडेच सापडलं. नाव नवं आहे, आणि नमुना म्हणून तिथे आयर्लंडच्या १८७१ च्या जनगणनेचा उतारा लावलाय.