पस्तीस एचपीचा जुना ट्रॅक्टर आणि गंजी उचलणारा गाडा : आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीनंतर घेतलेला गाडा आता आषाढात शेडमध्ये उभा केला आहे. मधल्या आठ महिन्यांत त्यावर पेंढ्याच्या ४१ गंज्या वाहिल्या. बघायला येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो, "याला किती एचपी लागतो?" एचपीमुळे माझं कुठंच अडलं नाही. अडलं ते क्लचपाशी, रिव्हर्सच्या वेगापाशी आणि डाबरावरच्या (ट्रॅक्टरमागं गाडा जोडायच्या दांडीवरच्या) वजनापाशी. जुना ट्रॅक्टर असलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं गाव सिन्नर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घोटी-सिन्नर रस्त्यापासून आत. तासाभराच्या अंतरावर इगतपुरीकडं पाऊस धो धो कोसळतो आणि आमच्याकडं येईपर्यंत ढग रिकामे होतात. गोठ्यात नऊ गाई आहेत. घरची बाजरी-मक्याची वैरण पुरत नाही, म्हणून इगतपुरीच्या अंगाला नात्यातल्यांची भातखाचरं आहेत तिथला पेंढा आम्ही दरवर्षी घेतो. तो ट्रकने आमच्या माळावर येतो, तिथं गंज्या लागतात आणि लागेल तशी एकेक गंजी दोन किलोमीटरवरच्या गोठ्यापाशी आणायची. माळ लांब का, तर गोठ्यापाशी जागा नाही आणि सगळी वैरण एका ठिकाणी ठेवून आगीची जोखीम घ्यायची नाही.

आधी एक गंजी हलवायला चार माणसं आणि अर्धा दिवस लागायचा. गंजी उकलायची, ट्रॉलीत भरायची, दोन खेपा करायच्या, गोठ्यापाशी पुन्हा रचायची. पेंढा दोनदा हाताळला की त्याचा चुरा होतो आणि रचणारा नवखा असेल तर पहिल्याच पावसात पाणी आत उतरतं. त्यात दिवाळीपासून पुढं माणूस मिळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाचा रेटा असतो आणि जानेवारीपासून खुडा सुरू होतो. बागेतली रोजंदारी सोडून वैरण उचलायला कोण येणार? मी मजूर असतो तर मीही आलो नसतो.

बेलरचा, म्हणजे वैरण दाबून गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचा, विचार केला होता. मक्याचं मोठं रान असेल त्याने बेलरच घ्यावा. आमचा पेंढा झोडणीचा, लांब, पेंढ्या बांधलेला येतो. तो मोडून परत बांधण्यात अर्थ नव्हता.

गंजी न मोडता अख्खी उचलायची ही कल्पना अमेरिकेतली. कॅन्सस राज्यातल्या हेस्टन कंपनीची स्टॅकहँड यंत्रं १९७०च्या दशकात तिकडं चालायची. ती वाळलेलं गवत गोळा करून दाबायची आणि पावाच्या लादीसारखी काही टनांची गंजी रानात सोडायची. ती गंजी न्यायला वेगळा गाडा असे. त्याचा बेड, म्हणजे गंजी बसते तो तळ, मागं कलतो, टोक जमिनीला टेकतं आणि बेडवरच्या दातेरी चेन फिरत राहतात. ट्रॅक्टर मागं सरकतो आणि चेन गंजीला त्याच वेगाने वर ओढून घेतात. गंजी जागची हलत नाही, तिच्याखाली गाडा सरकतो. सगळी गोम या एका वाक्यात आहे.

माळेगाव एमआयडीसीजवळच्या एका मिस्त्रींनी व्हिडिओ बघून आणि दोनदा माप घेऊन आम्हाला याची लहान आवृत्ती बनवून दिली. बेड १२ फूट लांब, ७ फूट रुंद, तीन चेन, तेलाच्या दाबावर बेड कलवणारा एक सिलिंडर. १,९०,००० रुपये लागले. ट्रॅक्टर घरचाच, ३५ एचपी, १९९६ साली वडिलांनी घेतलेला, सिंगल क्लचचा.

पहिल्या दिवशी आम्ही गंजी उचलली नाही, ढकलली. मी रिव्हर्स घेतला, टोक गंजीत घुसलं आणि अख्खी गंजी कुरकुरत मागं सरकून तिरकी झाली. मला वाटलं घाई झाली, म्हणून गॅस कमी केला. तरी तेच. आणखी कमी केला, तरी तेच. वडील बांधावर उभे राहून बघत होते.

"अरे, गॅस कमी केला की चेनबी हळू होते ना," ते म्हणाले. "दोघांचं नातं बदलतंय का?"

नेमकं तेच होतं. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, गाड्याची चेन फिरवणारा शाफ्ट) आणि चाकं दोन्ही एकाच इंजिनवर चालतात. गिअर तोच ठेवून रेस वाढवा नाहीतर कमी करा, दोघांचं प्रमाण तेवढंच राहतं. मग मोजायला बसलो. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरेल एवढी रेस धरून लो रिव्हर्समध्ये ट्रॅक्टर मिनिटाला ३८ मीटर मागं जात होता. त्याच रेसला चेन मिनिटाला २४ मीटर चालत होती. म्हणजे दर मिनिटाला १४ मीटरचा फरक गंजीच्या बुडावर धक्का देत होता. नव्या ट्रॅक्टरांत रिव्हर्सलाही दोन-तीन गिअर मिळतात, काहींत क्रीपर (अगदी हळू चालणारा गिअर) असतो, त्यांना गिअर बदलून जुळवता येतं. आमच्याकडं याहून हळू रिव्हर्सच नव्हता. मग चेन पळवायची हाच मार्ग उरला. चेन चालवणारं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, १२ दात्यांचं होतं, ते काढून १९ दात्यांचं बसवलं. २४ गुणिले १९ भागिले १२, बरोबर ३८. त्या दिवसापासून गंजी हलली नाही. आता मी निम्म्या रेसवर उचलतो, दोन्ही वेग एकत्र निम्मे होतात आणि बघत बघत काम करता येतं.

हे मोजायला उपकरण लागत नाही. १० मीटरची दोरी, खडूची खूण आणि फोनमधलं घड्याळ पुरतं. बनवायला टाकण्याआधीच स्वतःच्या ट्रॅक्टरचा रिव्हर्स मोजून तो आकडा मिस्त्रींच्या हातात द्या. मी दिला नव्हता, त्यामुळे दोन चकरा आणि पंधरा दिवस गेले.

आता क्लच. सिंगल क्लच असला की क्लच दाबल्यावर चाकांबरोबर पीटीओही थांबतो. सगळ्यांनी मला सांगितलं होतं की अशा कामाला ड्युअल क्लचच पाहिजे. आठ महिन्यांनंतर माझं मत थोडं वेगळं झालं आहे. उचलताना मध्येच थांबावं लागलं तर चाकं आणि चेन एकदमच थांबणं चांगलं. ड्युअल क्लच अर्धवट दाबला तर ट्रॅक्टर थांबतो, चेन चालूच राहते आणि गंजीचं बूड फाटतं. म्हणजे भरण्यापुरता सिंगल क्लच बाधला नाही.

बाधला तो हायड्रोलिकला. आमच्या ट्रॅक्टरचा हायड्रोलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरच आहे. ही मांडणी जुनी आहे. हॅरी फर्ग्युसन यांच्या १९४६च्या टीई-२० ट्रॅक्टरमध्येही पंप असाच पीटीओच्या शाफ्टवर होता. नांगराला ते पुरतं. पण इथं बेड नुसता कलवायचा तरी पीटीओचा लिव्हर टाकावा लागतो आणि पीटीओ टाकला की चेन फिरायला लागते. शिवाय क्लच दाबला की पंप बंद, त्यामुळे बेड अर्ध्यात राहतो.

यावर मिस्त्रींनी काढलेली युक्ती मला फार आवडली. त्यांनी भंगारातून जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणून पीटीओ आणि चेनच्या मध्ये बसवला. तसंही चेन उलटी फिरवायला काहीतरी लागणारच होतं, कारण उतरवताना ती मागं चालली पाहिजे. जीपच्या बॉक्सने दोन्ही कामं केली. न्यूट्रलमध्ये पंप चालतो, बेड कलतो आणि चेन शांत राहते. पहिल्या गिअरला गंजी आत, रिव्हर्सला बाहेर. दोन्हींचं प्रमाण सारखं नसल्यामुळे उतरवताना गंजी थोडी ताणली जाते, पण गोठ्यापाशी ते चालतं. बेड हळूहळू खाली बसू नये म्हणून बेड कलवणाऱ्या सिलिंडरच्या पाइपला तेल अडवणारा एक कॉक लावला आहे.

तेलाचीही काळजी घ्यावी लागते. सिलिंडर ८० मिलिमीटर बोअरचा आणि ६०० मिलिमीटर स्ट्रोकचा आहे, म्हणजे पूर्ण उघडला की तीन लिटर तेल घेतो. हे तेल ट्रॅक्टरच्या गिअरच्या घरातलंच असतं. पातळी नेहमी सिलिंडर मिटलेला असताना बघा. पाइपची तोंडं जोडण्याआधी प्रत्येक वेळी पुसा. पेंढ्याचा बारीक चुरा एकदा आत गेला की पंपाची वाट लागते.

वजनाचं सांगतो, कारण इथं मला खरी भीती वाटली. एका वजनकाट्यावर नेऊन सगळं तोललं. नुसता ट्रॅक्टर १,७२० किलो. ट्रॅक्टर आणि भरलेला गाडा मिळून ३,६९० किलो. रिकामा गाडा ८६० किलोचा, म्हणजे गंजी १,११० किलोची. मग ट्रॅक्टर काट्यावरून पुढं घेतला आणि जोडलेल्या गाड्याची फक्त चाकं काट्यावर ठेवली. १,६१० किलो आलं. उरलेले ३६० किलो ट्रॅक्टरच्या डाबरावर बसले होते. आमचं डाबर मागच्या धुऱ्यापासून ७० सेंटीमीटर मागं आहे, त्यामुळे हा भार पुढच्या चाकांवरचं जवळपास १४० किलो वजन काढून घेतो. चढावर स्टिअरिंग हलकं का लागतं ते तेव्हा कळलं. आता पुढं ८० किलोची वजनं लावली आहेत आणि मागच्या टायरांत पाऊण पाणी भरलं आहे.

याच्या अगदी उलटी गोष्ट माघात घडली. माळावर एका खळग्यापाशी गंजी होती. गाड्याचं टोक खळग्यावर अधांतरी राहिलं आणि सिलिंडर पूर्ण ताणलेला होता. गंजीचं वजन टोकावर येताच गाड्याची दांडी वर उचलली गेली, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होऊन जागच्या जागी फिरली आणि डाबराची पिन वर सरकली. तिला खाली क्लिप नव्हती. पुतण्या शेजारी उभा होता. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून पिनेला स्प्रिंगची क्लिप असल्याशिवाय मी ट्रॅक्टर चालू करत नाही आणि चालू पीटीओजवळ कोणालाही उभं राहू देत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं नळकांडं फुटलं होतं, तेही त्याच आठवड्यात बदललं.

गाड्याला ब्रेक नाहीत. हे मला अजूनही खटकतं. गाडा आणि गंजी मिळून ट्रॅक्टरपेक्षा जड आहेत. आमच्या वाटेवर एकच उतार आहे, तिथं लो गिअरमध्ये उतरतो आणि क्लचला पाय लावत नाही. मोठ्या रस्त्यावर हा गाडा मी नेत नाही. घाटाच्या वाटेला तर याने कोणी जाऊच नये. उभ्या सायलेन्सरवर जाळी बसवली आहे, कारण मागं वाळलेला पेंढा असताना एक ठिणगी पुरे. गंजीसकट उंची साडेनऊ फूट होते, म्हणून वाटेतल्या लोंबत्या तारा आधी चालत जाऊन बघितल्या.

गंजी कशी रचायची, हेही बदलावं लागलं. आमचे आजोबा वळई रचायचे ती दगडांच्या ओट्यावर, खालून वाळवी आणि ओल लागू नये म्हणून. तशी वळई हा गाडा उचलूच शकत नाही. पहिल्या महिन्यात अशाच एका ओट्यावर टोकाची पट्टी वाकली. आता सपाट, थोड्या उंच जागेवर उसाच्या पाचटाचा वीतभर थर घालून त्यावर गंजी रचतो. लांबी ११ फूट, रुंदी साडेसहा, उंची ७. बेडपेक्षा अर्धा फूट अरुंद, म्हणजे कडा घासत नाहीत. पेंढ्यांची बुडं बाहेर आणि शेंडे आत ही जुनी रीत तशीच ठेवली, गंजी त्यानेच धरून राहते. वर दोन दोऱ्या आडव्या टाकतो. गंजी दोन-तृतीयांश आत आल्याशिवाय बेड खाली बसत नाही, तोवर कॉक उघडायचा नाही.

बुडाचा थर ओला राहिला तर तो जमिनीला चिकटतो आणि उचलताना गळून पडतो. वैशाखातल्या एका अवकाळी पावसानंतर तीन गंज्यांचं बूड असं गेलं. तो दोष गाड्याचा नाही, मी निचरा बघितला नव्हता.

हिशेब सांगतो. आता एका गंजीला दोन माणसं आणि ५० मिनिटं लागतात, दोन लिटरच्या आसपास डिझेल जातं. दुरुस्तीला आठ महिन्यांत १४,००० रुपये गेले, त्यातले निम्मे चुकीच्या स्प्रॉकेटपायी. वर्षाला दहा-बारा गंज्या असतील त्यांनी यात पैसे घालू नयेत, ट्रॉली आणि शेजाऱ्यांची सावड बरी. मी मात्र गावातल्या आणखी चार गोठ्यांच्या गंज्याही वाहिल्या, तेव्हा कुठं गाड्याने खर्च भरून काढायला सुरुवात केली.

पुढच्या दिवाळीआधी गाड्याला ब्रेक लावायचे आहेत. मिस्त्री म्हणतात, जुन्या पिकअपचा मागचा धुरा मिळाला तर ड्रमसकट बसवता येईल. तो शोधायला परवा सिन्नरला जातो आहे.