कोर्सचं वेबपान आणि तंत्रसाहाय्य कक्ष: दहा महिन्यांचा अनुभव

मी संख्याशास्त्र शिकवते. वीसेक वर्षं खडू-फळ्यावर निभावलं. मग विद्यापीठाचं परिपत्रक आलं की प्रत्येक विषयाचं मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीवर, स्वतंत्र पान हवं, आणि त्यासाठी शिक्षकांच्या मदतीला एक तंत्रसाहाय्य कक्षही उघडला. दोन सेमिस्टर मी त्या कक्षाच्या दारात बऱ्यापैकी चपला झिजवल्या. त्यांच्याकडून चार प्रकारची मदत मिळते: कार्यशाळा, ऑनलाइन तिकीट (अडचण नोंदवायचा अर्ज), वेळ ठरवून शेजारी बसून मिळणारं मार्गदर्शन आणि 'साहित्य द्या, पान आम्ही करून देतो' ही सेवा. चारही वापरून झाल्या.

कार्यशाळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चाळीस जण, एक प्रोजेक्टर, तीन तास, आणि कुठलं बटण कुठे आहे याची जंत्री. घरी येईपर्यंत निम्मं विसरले. उरलेलं निम्मं उपयोगाचं नव्हतं, कारण दाखवलेला स्क्रीन जुन्या आवृत्तीचा होता. मूडल 2002 पासून आहे, मुक्त स्रोत आहे, दर थोड्या महिन्यांनी बदलतं. 2022 साली आलेल्या 4.0 मध्ये तर मेनूंची मांडणीच पालटली. बटणांच्या जागा पाठ करून घेणारी कार्यशाळा त्यामुळे लवकरच शिळी होते.

खरी मदत झाली ती शेजारी बसून. पहिल्या भेटीला मी पान तयार करूनच गेले होते आणि मनातून जरा खूशही होते. सगळी टिपणं चढवली होती, सेहेचाळीस पीडीएफ, एकाखाली एक. कक्षातल्या मुलानं पान पाहिलं, काही बोलला नाही. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मॅडम, तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ काढून दाखवा."

मी अंगठा सरकवत राहिले. 'युनिट 2 फायनल', 'युनिट 2 फायनल नवीन', 'नोट्स_सुधारित'... ही नावं मीच दिलेली. गृहपाठ सापडला, पण तोवर स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. त्यानं दुसरा प्रश्न विचारला: "या आठवड्यात मुलांनी नेमकं काय करायचंय?" मी म्हटलं, वाचायचं. "आणि वाचून?" यावर माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी गेले होते फाइल कशी चढवायची ते विचारायला. त्या तासाभरात एकही फाइल चढली नाही, उलट एकतीस उतरवल्या. प्रत्येक आठवड्याला चार ओळींची सूचना, एक वाचन, एक सराव, एवढंच ठेवलं. पुढे दहा महिने हीच चौकट टिकली.

त्याच बैठकीत त्यानं विद्यार्थ्याच्या भूमिकेत जाऊन पान बघायची सोय दाखवली. ती बरी आहे, पण अपुरी. तिच्यातून पान कसं दिसतं ते कळतं, गृहपाठ जमा करताना काय होतं ते नीट कळत नाही. म्हणून त्यानं माझ्या कोर्सला एक खोटा विद्यार्थी जोडून दिला, वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. कुणी मला या कक्षाकडून एकच गोष्ट मागायला सांगितली, तर मी हीच मागेन. शिक्षकाच्या खात्यातून सगळं दिसतं, म्हणून शिक्षकाला काहीच दिसत नाही.

आता 'करून देतो' सेवेबद्दल. हिच्यावर माझा राग आहे, आणि थोडा स्वतःवरही. माझी सूत्रं चित्रांच्या रूपात होती. फोनवर ती पुसट दिसायची, मोठी करायला गेलं की फुटायची. लाटेकमध्ये, म्हणजे सूत्रं अक्षरांत टंकायच्या पद्धतीत, लिहिली तर मूडल ती मॅथजॅक्स या सूत्रं दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मदतीनं स्वच्छ दाखवतं, हे कळल्यावर मी सगळा गठ्ठा कक्षाला दिला. आठवड्यात पान तयार. देखणं! मी वरवर नजर फिरवून खुलं केलं. बारा दिवसांनी एका विद्यार्थिनीनं वर्गात विचारलं, "मॅडम, नमुन्याच्या प्रचरणाला तुम्ही फळ्यावर n वजा 1 नं भागता आणि पानावर n नं. परीक्षेत काय लिहायचं?"

टंकणाऱ्याला ते 'वजा 1' चित्रात नीट दिसलं नसावं, किंवा बिनमहत्त्वाचं वाटलं असावं. त्याला दोष कसा देणार? प्रचरण म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप; n, म्हणजे नमुन्यातल्या आकड्यांची संख्या, हिनं भागलं तर समष्टीच्या, म्हणजे अख्ख्या गटाच्या, प्रचरणाचा अंदाज सरासरीनं कमी येतो, म्हणून n वजा 1 घेतात, हे मी सहाव्या आठवड्यात शिकवते. त्यानं ते शिकलेलं असण्याचं कारण नाही. तेव्हापासून सूत्रं मी स्वतः टंकते. पानाचा सांगाडा, शीर्षकं, रंग, फाइलींची जागा हे खुशाल त्यांच्यावर सोपवा. चिन्हं, एककं, तळटिपा, उदाहरणातले आकडे मात्र नाही.

मराठी टिपणांची कथा वेगळीच. माझी जुनी टिपणं युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या) आधीच्या टंकात होती. त्या टंकात देवनागरी अक्षर फक्त दिसायला देवनागरी असतं, आत रोमन अक्षराचा क्रमांक बसलेला असतो. तो टंक फोनमध्ये नसला की पानावर कंस, टिंबं आणि रोमन अक्षरांची भेळ उमटते. कक्षानं परिवर्तक वापरून सगळं युनिकोडमध्ये आणून दिलं, ते मोठंच काम झालं. पण जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकायची आणि युनिकोडमध्ये ती नंतर येते, रफाराचं नेमकं उलटं. त्यामुळे परिवर्तनानंतर कुठे वेलांटी शेजारच्या घरी गेलेली, कुठे 'वर्ग'चा रफार 'व'च्या डोक्यावर. दोन रविवार मुद्रितशोधनात गेले.

कक्षाचं सगळ्यात चांगलं काम मी न मागता झालं. दुसऱ्या महिन्यात वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी आला. तो एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम, वापरतो, जो फुकट मिळतो. कक्षातल्या मुलानं माझं पान त्यावर वाजवून दाखवलं. स्कॅन केलेल्या पीडीएफवर यंत्र गप्प. त्याच्या लेखी ते पान म्हणजे नुसतं चित्र. मग त्यानं 'एच' कळ दाबली. त्या कळीनं वाचक एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर उडी मारतो. माझ्या पानावर ती कुठेच जाईना. मी शीर्षकं म्हणून जी अक्षरं ठळक आणि मोठी केली होती, ती यंत्राला साधा मजकूर होती. शीर्षक शैलीतून द्यावं लागतं, हे मला त्या दिवशी कानानं कळलं. सूत्रं लाटेकमध्ये आणल्याचा फायदाही तिथेच दिसला: चित्रातलं सूत्र यंत्राला वाचताच येत नव्हतं.

रंगांचंही तसंच झालं. पिवळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं मला प्रसन्न वाटायची. सुगम्यतेचे जे जागतिक निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका विरोध हवा. माझी पट्टी त्याच्या जवळपासही नव्हती. काळ्या अक्षरांवर आले. आता सगळ्यांनाच वाचता येतं, उन्हात फोन धरून उभ्या असलेल्यांनाही.

व्हिडिओंवरून मात्र माझं आणि कक्षातल्या मुलाचं थोडं वाजलं. बावन्न मिनिटांचं व्याख्यान मी आहे तसं चढवलं होतं. त्यानं 2014 चा एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरचा अभ्यास पुढे केला: चार कोर्स, 69 लाख व्हिडिओ-सत्रं, आणि निष्कर्ष असा की सहा मिनिटांच्या पलीकडे प्रेक्षक टिकत नाही. संख्याशास्त्राच्या बाईसमोर आकडे ठेवायचे म्हणजे जरा धाडसच! मी म्हटलं, तिथले बरेच जण हौसेनं आलेले, माझे परीक्षेला बसणारे; समष्टीच वेगळी. तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या वर्गाचे आकडे बघू." बघितले. नववं मिनिट ओलांडणारे मोजकेच. व्याख्यानाचे सहा तुकडे केले, प्रत्येकाला त्यात सोडवलेल्या उदाहरणाचं नाव दिलं. माझा आक्षेप तत्त्वतः अजून कायम आहे.

आता तिकिटाकडे येते, कारण तक्रार करायची तर इथेच. पहिल्या सेमिस्टरच्या मध्याला मी क्विझ लावली: 'शुक्रवारी रात्री 12 पर्यंत'. बंद होण्याची तारीख शुक्रवार, वेळ 00:00. चोवीस तासांच्या घड्याळात शुक्रवारचे 00:00 म्हणजे शुक्रवार सुरू होण्याचा क्षण. शुक्रवारी सकाळी उठते तो निरोपांचा पाऊस: "क्विझ बंद दिसतेय." चूक शंभर टक्के माझी, पण ती चूक आहे हे तेव्हा मला कुठे माहीत! घाबरून तिकीट टाकलं. लगेच आपोआप उत्तर आलं, तुमची विनंती नोंदवली आहे. दोन दिवसांनी माणसाचं उत्तर आलं: कृपया दुसरा ब्राउझर वापरून पाहा. तोवर एका सहकाऱ्यानं फोनवर तीस सेकंदांत उलगडा केला होता. आता मी प्रत्येक मुदत 23:59 ला ठेवते.

तिकिटाचा अर्ज असा आहे की अडचण कुठल्या वर्गात मोडते ते आपणच आधी ठरवायचं: 'लॉगिन', 'साहित्य', 'मूल्यमापन', 'इतर'. जिला काय बिघडलंय तेच कळत नाही, तिनं काय निवडावं? मी कायम 'इतर' निवडते, आणि 'इतर'ला वाली नसतो. पासवर्ड बदलणं, एखाद्याला कोर्समध्ये जोडणं असल्या ठरीव कामांना तिकीट उत्तम, त्याच दिवशी होतात. त्यापलीकडच्या कशालाही नाही.

गुणपत्रकाचा घोळही तिकिटानं सुटला नाही, बसूनच सुटला. चारपैकी एकच गृहपाठ देणाऱ्या एका विद्यार्थ्याला पानावर 90 टक्के दिसत होते आणि तो माझ्यापेक्षा निश्चिंत होता. मूडल मुळात रिकामे गुण हिशेबातच धरत नाही. शून्य वेगळं, रिकामं वेगळं. 'रिकामे गुण वगळा' या पर्यायापुढची खूण काढून टाकली, तर अजून न झालेल्या गृहपाठांचेही शून्य धरले जातात आणि अख्खा वर्ग एका रात्रीत नापास दिसतो. मी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. पाच मिनिटांत निरोप सुरू. उपाय साधा होता: खूण तशीच ठेवायची आणि मुदत संपली की न दिलेल्यांच्या रकान्यात हातानं शून्य भरायचं.

दुसऱ्या सेमिस्टरला तो मुलगा गेला. कंत्राटी होता, मुदत संपली. जागी आलेल्या बाई कामाला तरबेज आहेत, पण त्यांच्याकडे पाच विभाग आणि भेटीसाठी तीन आठवड्यांची रांग. माझ्या पानाबद्दल आधी काय ठरलं होतं, याची कक्षाकडे एक ओळही नोंद नव्हती. सगळं त्या मुलाच्या डोक्यात होतं. दहा महिन्यांतली ही मला सगळ्यात मोठी त्रुटी वाटते. आता भेट झाली की मीच काय बदललं ते कोर्समध्येच एका लपवलेल्या पानावर लिहून ठेवते. कक्षात पुढे जो कोण येईल, त्याला सुरुवात 'मॅडम, तुमची अडचण काय' इथून करावी लागू नये.

कोर्स नव्या तुकडीसाठी रिसेट करायला बाईंनी शिकवलं. सुरुवातीची तारीख बदलली की बाकीच्या मुदती तितक्याच दिवसांनी पुढे सरकतात आणि जुन्या तुकडीची उत्तरं निघून जातात. त्याआधी बॅकअप घ्या, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मी दोनदा घेतला.

परवा नव्या सेमिस्टरचं पान उघडायच्या आदल्या रात्री त्या खोट्या विद्यार्थ्याच्या नावानं आत शिरले. पहिल्या आठवड्याची सूचना ठीक होती, व्हिडिओ ठीक, सूत्रं ठीक. चौथ्या आठवड्याची मुदत रविवारी जाऊन बसली होती, ती सोमवारी आणली. सहाव्या आठवड्यात सरावाच्या दुव्यावर क्लिक केलं, तर 'तुम्हाला या पानाचा अधिकार नाही'. दुवा माझ्या दुसऱ्याच एका कोर्सकडे बोट दाखवत होता. माझ्या खात्यातून तो गेले चार महिने व्यवस्थित उघडत होता. लपवलेल्या पानावर एक ओळ वाढवली आणि दुवा बदलायला बसले.