घटपर्णी घ्यायची, पण कोणत्या कुळातली?

रोपवाटिकेत ‘पिचर प्लांट’ अशी एकच पाटी लावलेल्या दोन कुंड्या अनेकदा शेजारीशेजारी दिसतात. एकीत लांब पानाच्या टोकातून तणाव्यासारखा दोरा निघालेला, त्याला घडा लोंबतोय. दुसरीत जमिनीतून सरळ वर आलेल्या उभ्या नळ्या, तुतारीसारख्या. पहिली नेपेन्थिस, दुसरी सारासेनिया. मराठीत दोघींनाही घटपर्णीच म्हणतात. त्यामुळे एकीची निगा दुसरीला लावली जाते आणि रोप हातचं जातं.

खरं तर या दोघींचं नातं फार लांबचं आहे. नेपेन्थिस ज्या गणात, म्हणजे अनेक कुळांच्या मोठ्या गटात, येते त्यातच राजगिरा, पालक आणि निवडुंग येतात. सारासेनियाचा गण चहा, चिकू आणि बकुळीचा. नत्र आणि स्फुरद जेमतेम असलेल्या जमिनीत जगायची वेळ दोघींवर आली. दोघींनी स्वतंत्रपणे पानाचाच घडा केला आणि कीटकांतून ती उणीव भरून काढली. दिसणं सारखं असलं तरी घराणं वेगळं आणि मूळ गावचं हवामानही वेगळं. निवड करताना घड्याचा रंग नंतर बघा, हे हवामान आधी बघा.

नेपेन्थिसच्या जवळपास पावणेदोनशे जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स या भागांतल्या, थोड्या श्रीलंका आणि मादागास्करपर्यंत पसरलेल्या. आपण जिला पान समजतो ती रुंद हिरवी पट्टी म्हणजे पानाचा तळ, आणि खरं पातं म्हणजे तो घडा. घड्याचा काठ बारीक कंगोऱ्यांचा असतो. दवाने किंवा मधुरसाने तो ओला झाला की मुंगीचे पाय त्यावर टिकत नाहीत. खाली मेणचट भिंत आणि तळाशी रोपाने स्वतः तयार केलेला आम्लधर्मी पाचक रस. वरचं झाकण कधीच मिटत नाही. ते पावसाचं पाणी अडवण्यासाठी आणि किडे बोलावण्यासाठी असतं. मुलं ते मिटेल म्हणून बोटं घालत राहतात आणि घडा लवकर वाळतो, म्हणून त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सारासेनिया उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली. नळीच्या आतले केस खाली वळलेले, त्यामुळे किडा आत सरकतो पण मागे फिरू शकत नाही. तिच्यातली पर्पुरिया ही जात मला सर्वांत विलक्षण वाटते. तिचा घडा उघडा असतो, पावसाने भरतो, आणि पचनाचं बरंचसं काम त्या पाण्यातले जिवाणू आणि अळ्या करतात. एका डासाच्या अळ्या तर फक्त याच घड्यांत वाढतात. ही जात थेट कॅनडापर्यंत पोचते. न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताचं ती अधिकृत फूल आहे.

आणि इथेच आपला निर्णय होतो. सारासेनियाला तीन-चार महिन्यांची खरी थंडी लागते, नळ्या वाळवून झोपी जाण्याइतकी. ती मिळाली नाही तर रोप एका दिवसात मरत नाही, वर्षागणिक खंगत जातं. पुण्यात माझ्या गच्चीवर पहिल्या वर्षी तिच्या नळ्या सुरेख आल्या, दुसऱ्या वर्षी बारीक आल्या, तिसऱ्या वर्षी कंद कुजला. पुण्याच्या जानेवारीत रात्री गारठा असतो, पण दुपारी ऊन तापतं, आणि ती विश्रांती तिला पुरत नाही. मुंबई-कोकणात तर तीही नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी मात्र माझं उत्तर नेमकं उलट: तुमच्याकडे सारासेनियाच घ्या. पर्पुरिया तिथल्या पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्यात रानात उगवते. कुंडी भरपूर उन्हात आणि बशीभर पाण्यात ठेवा.

महाराष्ट्रात घ्यायची तर नेपेन्थिस, आणि तीही व्हेंट्राटा नावाची संकरित जात. उकाडा, थोडी कोरडी हवा, सुरुवातीच्या चुका, सगळं ती सोसते. किनाऱ्यावर नेपेन्थिसचीच मिराबिलिस ही जातही चालेल. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरच्या ‘राजा’ नावाच्या जातीचे अजस्र घडे फोटोत पाहून मोहात पडू नका, तिला रोज रात्री गारवा हवा. एप्रिल-मेमध्ये पुण्या-नाशकाकडे हवा सुकली की नवे घडे धरत नाहीत, तणाव्याचं टोक नुसतं काळं पडतं. पानं हिरवी असतील तर घाबरू नका. पावसाळ्यात घडे परत येतात.

भारतातली एकमेव रानटी घटपर्णी म्हणजे मेघालयातली नेपेन्थिस खासियाना. गारो भाषेत तिला ‘मेमांग कोकसी’ म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती संकटात आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे आणि परवान्याशिवाय तिची लागवड वा विक्री करता येत नाही. ‘डोंगरातून आणलेली’ असं कौतुकाने सांगून कोणी विकत असेल तर ते रोप अजिबात घेऊ नका.

ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य टोकाची सेफॅलोटस ही तिसरी घटपर्णी. घडे अंगठ्याएवढे, आणि कुंडीत उगवणाऱ्या आंबुशीच्या गणातली. सुंदर आहे, पण महाग आणि नाजूक. पहिलं रोप म्हणून नको.

पाण्याचा नियम मात्र सगळ्यांना एकच: क्षार नकोत. बोअरचं पाणी तर नकोच. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी द्या, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 50 पीपीएमच्या आत असावा. शेणखत, गांडूळखत काहीही घालू नका. कुंडी भरायला मातीऐवजी स्फॅग्नम मॉस (पाणथळीतलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) पुरे. फरक एवढाच, की सारासेनिया पाण्यात उभी राहते आणि नेपेन्थिसच्या कुंडीखाली पाणी साचलं तर मुळं कुजतात.

रोप जूनच्या शेवटी आणा. हवेत ओल असते, प्रवासाचा ताण कमी जाणवतो, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी पिंपभर पाणीही तेव्हाच साठवता येतं.