ट्रेडिंगव्ह्यूवरचे व्हॉल्यूम टूल्स क्रिप्टोसाठी कसे आहेत? फुकटात काय मिळतं आणि पैसे कशासाठी द्यायचे

ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर चार्टच्या तळाला ते व्हॉल्यूमचे लाल-हिरवे बार असतात ना, बरेच जण जागा अडते म्हणून पहिल्याच दिवशी ते काढून टाकतात आणि मग आरएसआय, एमएसीडी, बोलिंजर असे इंडिकेटर एकावर एक लावत बसतात. गंमत म्हणजे ते सगळं प्राइसमधूनच काढलेलं असतं, म्हणजे तीच गोष्ट तीनदा बघायची. व्हॉल्यूम मात्र वेगळी माहिती देतं, प्राइस हलली तेव्हा खरंच किती माल हातोहात फिरला ते. आणि ते फुकट आहे.

आधी रंगाचं सांगतो कारण नव्वद टक्के घोळ तिथेच होतो. हिरवा बार म्हणजे खरेदी जास्त झाली असं नाही हो, जितकं विकलं तितकंच कोणीतरी घेतलेलं असतं. कँडल (चार्टवरची एका ठरावीक वेळेतली भावाची कांडी) ओपनच्या, म्हणजे सुरुवातीच्या भावाच्या, वर बंद झाली की बार हिरवा, खाली बंद झाली की लाल, विषय संपला. त्यामुळे रंग सोडा, उंची बघा, आणि उंची कशाच्या तुलनेत बघायची तर सेटिंगमध्ये जाऊन व्हॉल्यूमचा मुव्हिंग एव्हरेज (सरकती सरासरी) चालू करा, 20 कँडलचा ठेवला तरी चालतो. आता समजा प्राइस तिसऱ्यांदा त्याच रेझिस्टन्सला (जिथून भाव वारंवार मागे फिरतो ती पातळी) धडकली आणि 4 तासांची कँडल वर बंद झाली, सगळीकडे ब्रेकआउट ब्रेकआउट सुरू, पण खालचा बार एव्हरेजच्या रेषेपर्यंतही पोचलेला नाही. अशा ठिकाणी मी हात लावत नाही, प्राइस बऱ्याचदा परत रेंजमध्ये येऊन बसते. बार एव्हरेजच्या दुप्पट आणि कँडल आपल्या हायच्या जवळ बंद, हे असेल तर बघण्यासारखं. फक्त कँडल बंद होऊ द्या, 4 तासांच्या कँडलला अर्धाच तास झाला असेल तर बार बुटका दिसणारच ना.

मोठा बार म्हणजे चांगलं असंही नाही, तो कुठे आला त्यावर सगळं आहे. 12-13 मार्च 2020 ला बिटकॉइन आठ हजार डॉलरच्या आसपासून चार हजारांच्याही खाली गेला, व्हॉल्यूम प्रचंड, आणि तोच त्या पडझडीचा तळ ठरला, म्हणजे ज्यांना घाबरून विकायचं होतं त्यांनी विकून टाकलं. तसाच बार पडझडीच्या सुरुवातीला आला असता तर अर्थ नेमका उलटा. 2021 चंही बघा, एप्रिलमध्ये 64 हजारांच्या वर टॉप, नोव्हेंबरमध्ये 69 हजारांच्या जवळ नवा टॉप, पण स्पॉट व्हॉल्यूम (प्रत्यक्ष कॉइनची खरेदी-विक्री) वसंतातल्यापेक्षा कमी. प्राइस वर आणि मागे माणसं कमी. अर्थात हे मागे वळून स्पष्ट दिसतं, त्या दिवशी चार्टवर कुठली घंटा वाजली नव्हती.

आता खरी मेख. चार्टवरचं व्हॉल्यूम कोणाचं आहे? सगळ्या मार्केटचं नाही, तुम्ही जो सिम्बॉल उघडलाय त्या एका एक्स्चेंजचं. बायनान्सचा बीटीसीयूएसडीटी उघडा, शेजारी कॉइनबेसचा बीटीसीयूएसडी उघडा, कँडल जवळपास जुळ्या, पण खालचे बार वेगळीच गोष्ट सांगतात. सिम्बॉलच्या शेवटी डॉट पी असेल तर ते परपेच्युअल फ्युचर्स (मुदत नसलेले वायद्याचे सौदे), तिथलं व्हॉल्यूम लिव्हरेजने, म्हणजे उधारीच्या जोरावर, फुगलेलं असतं. शिवाय हे बार सहसा कॉइनमध्ये मोजतात, डॉलरमध्ये नाही, म्हणून 2017 चे बार आणि आजचे बार शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका. आणि बायनान्सच्या चार्टवर जुलै 2022 ते मार्च 2023 बघाल तर बार डोंगरासारखे दिसतील, ते लोकांना अचानक प्रेम आलं म्हणून नाही, तेव्हा बिटकॉइनच्या ट्रेडला फी शून्य होती. फी परत आली, बार बसले, आणि एखादा म्हणेल इंटरेस्ट संपला!

त्यात पुन्हा खोटं व्हॉल्यूम. 2019 मध्ये बिटवाइज या क्रिप्टो फंड कंपनीने अमेरिकेच्या एसईसीला (शेअर बाजाराची नियामक संस्था) दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की एक्स्चेंज दाखवतात त्यातलं सुमारे 95 टक्के बिटकॉइन व्हॉल्यूम खोटं किंवा आर्थिकदृष्ट्या निरर्थक आहे. या खिशातून त्या खिशात, दुसरं काय. लहानसहान कॉइनमध्ये ओळखायची माझी पद्धत सोपी आहे, प्राइस जागची हलत नाही पण बार दिवसभर एकाच उंचीचे येतायत, किंवा व्हॉल्यूम भरपूर आणि ऑर्डर बुक (खरेदी-विक्रीच्या वाट पाहणाऱ्या ऑर्डरची यादी) रिकामं, की तो कॉइन बंद. टूलला दोष देऊन उपयोग नाही, एक्स्चेंज देतं ते ते दाखवतं.

बाकीच्या इंडिकेटरमध्ये ओबीव्ही (ऑन बॅलन्स व्हॉल्यूम, भाव वर बंद झाला की व्हॉल्यूम मिळवतो, खाली झाला की वजा करतो) फुकट आहे, जोसेफ ग्रॅनव्हिलने 1963 मध्ये लोकांसमोर आणलेला. कल्पना चांगली पण तो सबंध दिवसाचं व्हॉल्यूम एका बाजूला टाकतो, क्लोज एक डॉलरने वर असला तरी. ठीकठाक. व्हीवॅप (व्हॉल्यूमचं वजन धरून काढलेला सरासरी भाव) शेअरवाल्यांना आवडतो कारण त्यांचं मार्केट उघडतं आणि बंद होतं, क्रिप्टो कधी झोपतच नाही, मग रेषा यूटीसीच्या मध्यरात्री नव्याने सुरू होते आणि पहिले काही तास तिचा काही उपयोग नसतो. त्यापेक्षा अँकर्ड व्हीवॅप, म्हणजे आपण निवडलेल्या जागेपासून मोजलेला, एखाद्या मोठ्या लो पासून लावायचा.

पैसे द्यावेसे वाटतात ते व्हॉल्यूम प्रोफाइलसाठी, तो पेड प्लॅनमध्ये आहे. यात बार खाली नाही तर बाजूला, म्हणजे कधी नाही तर कुठल्या भावाला किती ट्रेड झाले ते दिसतं. सगळ्यात लांब ओळ म्हणजे पॉइंट ऑफ कंट्रोल, आणि 70 टक्के व्हॉल्यूम ज्या पट्ट्यात झालं तो व्हॅल्यू एरिया. सपोर्ट-रेझिस्टन्स डोळ्यांनी ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं, खासकरून मधल्या पातळ जागा, तिथे प्राइस सरसर पळते. त्यातलं बाय-सेल असं रंगांचं विभाजन मात्र छोट्या टाइमफ्रेमच्या कँडलवरून काढलेला अंदाज असतो, ते मनावर घेऊ नका.

डेली चार्ट बघून महिन्यातून दोन-तीन ट्रेड करणाऱ्याला पेड प्लॅनची गरज नाही असं माझं स्पष्ट मत, रोज बसणाऱ्याला आहे. आणि टेलिग्रामवर व्हॉल्यूम स्पाइकचे सिग्नल विकणारे ग्रुप असतात, त्यातल्या एकात मी होतो, मेसेज यायचा तोवर कँडलची वरची वात तयार झालेली असायची, म्हणजे भाव वर जाऊन परतलेला. त्यापेक्षा अलर्ट स्वतः लावा.

साध्या व्हॉल्यूमला साडेचार स्टार, प्रोफाइलला चार, ओबीव्हीला तीन. अलर्ट लावताना बार बंद झाल्यावरच वाजेल असा पर्याय निवडा, नाहीतर फोन उगाच किरकिर करत राहील.