डॉमिनिकाची गाइडेड ट्रिप: मुरल्यानंतरचा रिव्ह्यू

परत आल्याच्या आठवड्यात ट्रिपवाल्या कंपनीचा फॉर्म आला, तेव्हा डोळे झाकून पाचपैकी पाच स्टार दिले होते. मधे बरेच महिने गेले, फोटो दाखवून झाले, गुडघेही ताळ्यावर आले. आज विचारलं तर चार देईन. कापलेला स्टार डोंगरदऱ्यांचा नाही, तो भाग चोख होता. ‘कल्चर’ म्हणून जे विकलं, त्याला दिलेल्या वेळेबद्दल तो कापलाय.

देश कोणता ते आधी सांगते, कारण माझ्या सासूबाई अजूनही सगळ्यांना ‘ती डॉमिनिकन रिपब्लिकला गेली होती’ असं सांगतात. तो रिसॉर्टवाला मोठा देश वेगळा. ही डॉमिनिका ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधे येते. क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर, वस्ती ७० हजारांच्या आसपास. पांढऱ्या वाळूचे किनारे जवळजवळ नाहीत, आणि झुंबड नाही ती त्यामुळेच. आपल्याकडे हे नाव कानावर आलं असेल तर दोनच कारणांनी: २०२१मध्ये मेहुल चोक्सी तिथे सापडला तेव्हा, नाहीतर जुलै २०२३मध्ये मुंबईकर यशस्वी जयस्वालने राजधानी रोझोच्या विंडसर पार्कवर पदार्पणातच १७१ केल्या तेव्हा. आमच्या ड्रायव्हरला तो सामना पाठ होता. जयस्वालचं त्याने तोंडभर कौतुक केलं, अश्विनच्या १२ विकेटबद्दल मात्र आम्हाला पूर्ण माफी मिळाली नाही.

या ट्रिपची जाहिरात बॉइलिंग लेकच्या, म्हणजे डोंगरातल्या उकळत्या तळ्याच्या जिवावर चालते. ट्रेक लोडा गावाजवळ, टिटू गॉर्जपाशी सुरू होतो. जाऊन येऊन सहा-सात तास, सराव नसेल तर त्याहून जास्त. बऱ्याच ठिकाणी ओंडके आडवे टाकून पायऱ्या केल्यात, पण पावसाने त्यांच्यामधली माती वाहून जाते आणि प्रत्येक पायरी गुडघाभर उंच होऊन बसते. ब्रेकफास्ट रिव्हरवर बाटल्या भरून घ्यायच्या, मग मॉर्न निकोल्सची चढण. पलीकडे उतरलं की जंगल संपतं आणि व्हॅली ऑफ डेसोलेशन लागते. पिवळे, पांढरे, गंजाच्या रंगाचे दगड, दुधाळ करडे ओढे, आणि सगळीकडे गंधकाचा तो उग्र वास. एका ओढ्यात हात घालून बसता येतं, तर चार पावलांवरचा खड्डा खदखदत असतो. गाइड जिथे पाय ठेवेल तिथेच आपणही ठेवायचा, ही सूचना गंमत म्हणून दिलेली नसते. आमच्या गाइडने तिथल्याच एका झऱ्यात अंडी उकडून दिली. तिथल्या गाइडांचा हा ठरलेला प्रयोग आहे असं नंतर कळलं, पण म्हणून अंड्यांची चव कमी झाली नाही.

तळं सुमारे ६० मीटर रुंद आहे. कडेच्या पाण्याचं तापमान ८२ ते ९२ अंश मोजलं गेलंय, मधोमध ते सरळ उकळतं. खालून मॅग्माची उष्णता, वरून पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी, असा हा मामला. तो बिघडला की तळं आटतंही. २००४-०५मध्ये तसं झालं होतं. आम्ही पोचलो तेव्हा नुसती वाफ होती. बराच वेळ बसून राहिल्यावर वाऱ्याने ती थोडी बाजूला केली, तेव्हा तो राखाडी खळखळाट दिसला. इथवर येणाऱ्या केबल कारचं काम तेव्हा चालू होतं. म्हाताऱ्या माणसांना तळं बघता येईल हे खरं, तरीही मला ती कल्पना पचलेली नाही.

सामानाबद्दल थोडं. गंधकाने चांदी काळी पडते, माझी पैंजणं टूथपेस्टने घासून परत आणावी लागली. नवऱ्याच्या बुटांचा तळ घरी आल्यावर काही आठवड्यांत सुटला. महागडे बूट तिथल्या चिखलाला वाहू नका, पण पकड चांगली हवी. रेनकोटच्या आत घामाने भिजायला होतं, त्यामुळे आम्ही शेवटी पावसातच चाललो. विषारी साप या बेटावर नाहीत, तेवढा एक घोर कमी.

ट्रिपच्या पत्रिकेत ज्याला जेमतेम एक ओळ होती, त्या जॅको स्टेप्स माझ्या मते बॉइलिंग लेकच्या तोडीच्या आहेत. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी डोंगरात वस्त्या केल्या होत्या. त्यांच्यापैकी जॅको नावाच्या म्होरक्याच्या तळाकडे जाणाऱ्या या पायऱ्या लायू नदीच्या खोऱ्यात कड्यात खोदलेल्या आहेत. पायऱ्या मुद्दाम उंच ठेवल्या, म्हणजे ओझं घेतलेल्या ब्रिटिश शिपायांची दमछाक व्हावी, असं गाइड सांगतो. हरिहर गडाच्या पायऱ्या चढलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. १८१४मध्ये जॅको मारला गेला. उत्तरेला पोर्ट्समथजवळ फोर्ट शर्ली आहे. तिथे १८०२मध्ये आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या आफ्रिकी सैनिकांनी बंड केलं. ब्रिटिशांनीच गुलाम म्हणून विकत घेऊन त्यांच्या हातात बंदुका दिल्या होत्या, आणि आता आपल्याला मळ्यांवर राबायला पाठवणार अशी धास्ती त्यांना होती. बंड चिरडलं गेलं, पण १८०७मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या अशा सगळ्या गुलाम सैनिकांना स्वतंत्र करावं लागलं. किल्ला इतका देखणा दुरुस्त केलाय की लोक तिथे लग्नाचे फोटो काढतात. आम्हाला दिलेला वेळही तेवढ्यापुरताच होता.

आता तो कापलेला स्टार. पूर्व किनाऱ्यावर कलिनागो टेरिटरी आहे. कोलंबस येण्याआधीपासून या बेटांवर असलेल्या लोकांचा हा प्रदेश, १९०३मध्ये आखून दिलेला, सुमारे ३,७०० एकर. जमीन सगळ्यांची सामायिक, प्रमुख निवडणुकीने ठरतो. २०२३पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष असलेल्या सिल्व्हानी बर्टन याच समाजातल्या. इतक्या मोठ्या विषयाला आमच्या ट्रिपने दिली एक दुपार, तीही उशिरा सुरू झालेली: थोडा नाच, कसाव्हाच्या भाकरीचा एकेक तुकडा, टोपल्यांचं दुकान, चला बसमध्ये.

मोकळ्या दिवशी आम्ही दोघं गाइडला वेगळे पैसे देऊन पुन्हा गेलो, आणि मला ट्रिप आठवते ती त्या दिवसामुळे. कसाव्हा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच. तो कच्चा विषारी असतो. किसून, वेताच्या लांब नळीसारख्या पिशवीत भरून पिळून काढतात, मग मोठ्या लोखंडी तव्यावर भाकरी भाजतात. लारुमा नावाच्या वेतासारख्या काडीपासून टोपल्या होतात. काळा रंग हवा तर काड्या चिखलात पुरून ठेवतात. चांगली टोपली दुहेरी विणीची असते आणि दोन थरांमध्ये रुंद पानं घातलेली असतात, म्हणून पाणी आत शिरत नाही. मी विणणाऱ्या बाईंकडूनच घेतली. कांदे-बटाटे भरून रोज ओढाताण होते तिची, अजून एक काडी सुटलेली नाही. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट कळली जी कार्यक्रमात कोणी सांगितली नव्हती. जमीन सामायिक असल्यामुळे ती बाहेरच्याला विकता येत नाही, आणि त्याच कारणाने ती तारण ठेवून बँकेचं कर्जही मिळत नाही. समाज टिकला तो ज्या नियमाने, धंदा वाढवताना तोच आड येतो. अशी चर्चा नाचाच्या कार्यक्रमात कुठे होणार?

मारिया चक्रीवादळाचा विषय मात्र न काढता निघतो. १८ सप्टेंबर २०१७ची रात्र, पाचव्या श्रेणीचं वादळ. मृत आणि बेपत्ता मिळून ६५ माणसं गेली, आणि नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त. आमचा गाइड म्हणाला, सकाळी बाहेर आलो तर डोंगर तपकिरी होते, एका झाडावर पान नव्हतं. घरं बांधायला पैसा कुठून आला विचारलं तर हसून म्हणाला, पासपोर्ट विकून. खरंच, गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व हा या देशाचा मोठा मिळकतीचा मार्ग आहे.

समुद्राचं थोडक्यात. शॅम्पेन रीफवर तळातून गरम बुडबुडे येतात, स्नॉर्कलिंग येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून बघता येतं. स्पर्म व्हेल बोटीवरून दिसले, पण त्याआधी पाण्यात सोडलेल्या माइकवर त्यांची टकटक ऐकली, ती जास्त आवडली. इंडियन रिव्हरवर मोटरबोटींना बंदी आहे, वल्हवत नेतात. इतकी शांतता असते की ग्रुपमधले एक काका घोरायला लागले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

शाकाहारी असाल तर उपाशी मरणार नाही. रास्ताफारी पंथाच्या लोकांचं ‘आयटल’ जेवण मांसाशिवायच असतं. कॅलालू सूप अळूच्याच पानांचं, नारळाचं दूध घालून करतात, फक्त त्यात खेकडा नाही ना हे विचारून घ्या. दुकानात शिरल्यावर आधी ‘गुड मॉर्निंग’, मग प्रश्न. हे चुकलं तर उत्तर थंड मिळतं.

बुक करणाऱ्यांनी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: कलिनागो टेरिटरीत नेमके किती तास, जॅको स्टेप्स नक्की आहेत का, आणि ट्रॅफल्गर फॉल्स व एमराल्ड पूल या धबधब्यांच्या दिवशी रोझोला क्रूझ जहाज लागणार आहे का. जहाज असलं की त्या दोन्ही जागी जत्रा भरते. भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेतल्या देशाचा लागू शकतो. आम्ही न्यू जर्सीहून मायामीमार्गे गेलो. विमानतळ ईशान्येला, रोझो नैऋत्येला, आणि मधला रस्ता नुसता वळणांचा, तेव्हा गाडी लागणाऱ्यांनी गोळी विमानातच घ्या. आई-बाबांना नेणार का असं बहिणीने विचारलं. नेईन, पण बॉइलिंग लेकच्या दिवशी त्यांना वॉटन वेव्हन गावच्या गरम कुंडात बसवून.