चाकू खोटे, चाचणीही खोटी : 2,06,250 रुपयांचा अनुभव

शोध व बचाव पथकासाठी घडीचे चाकू घेण्याआधी ते त्रयस्थाकडून तपासून घ्यावेत, एवढी दक्षता दाखवल्याची किंमत म्हणून आमच्या पथकाचे 2,06,250 रुपये गेले. त्यांपैकी 38,500 रुपये ‘स्वतंत्र चाचणी’चे शुल्क होते, 1,44,000 रुपये साठ चाकूंच्या मागणीपोटी दिलेली अर्धी आगाऊ रक्कम होती आणि 23,750 रुपये ‘माल सीमाशुल्कात अडकला आहे’ या सबबीखाली उकळलेले होते. अडकलेला माल सोडवण्याची ही सबब आपण सर्वांनी इतक्यांदा ऐकलेली आहे की तिला मी बळी पडलो हे लिहितानाही लाज वाटते. परंतु त्या वेळी 1,82,500 रुपये समोरच्याच्या हातात होते, आणि गुंतलेले पैसे सुटावेत म्हणून माणूस आणखी पैसे घालतो, हे ठगांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

चाचणीचा आग्रह हा हौशीपणा नव्हता. उलटलेल्या गाडीत लटकलेल्या माणसाचा सीटबेल्ट कापताना पाते त्याच्या गळ्यापासून बोटभर अंतरावर असते. म्हणून टोक बोथट हवे. ओल्या दोरावर आणि पट्ट्यावर गुळगुळीत धार घसरते, म्हणून निदान अर्धे पाते दातेरी हवे. रक्ताने ओल्या झालेल्या हातमोज्यांतून ते एका हाताने उघडता आले पाहिजे, उघडल्यावर लॉक पक्के बसले पाहिजे, आणि नंतर 0.5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुसले तरी ते गंजता कामा नये. कपडे कापायला रुग्णवाहिकेत बोथट टोकाची कात्री असतेच. चाकू लागतो तो कात्री जिथे पोहोचत नाही तिथे. एवढ्या अटी पुऱ्या होतात की नाही, हे जाहिरातीतल्या फोटोवरून ठरवणार कसे?

फसवणुकीची खुबी अशी की चाचणीची सूचना विक्रेत्यानेच केली. “आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, बाहेरून तपासून घ्या,” असे त्याने स्वतः लिहिले आणि तीन प्रयोगशाळांची नावे दिली. त्यांपैकी दोघींनी उत्तरच दिले नाही; तिसरीने त्याच दिवशी दरपत्रक पाठवले. विक्रेता आणि प्रयोगशाळा ही एकाच खिशाची दोन तोंडे आहेत, असा संशय अशा वेळी कोणाला येईल? उलट, जो स्वतःचा माल तपासायला सांगतो तो खरा असणार, असेच आमच्या खरेदी समितीतील सर्वांना वाटले, आणि ते कागदोपत्री नोंदवलेले आहे. ‘सगळा निर्णय याचा एकट्याचा होता’ असे आता म्हणणाऱ्यांनी ती नोंद काढून वाचावी. एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो: विक्रेत्याने सुचवलेली प्रयोगशाळा ही प्रयोगशाळा नव्हेच, असे गृहीत धरूनच चालावे.

अहवाल बावीस पानांचा, रंगीत आलेखांसह आला. त्याच्या दुसऱ्या पानावर जे छापले होते, ते आठवले की आजही मस्तकात तिडीक जाते. नमुने मिळाल्याची तारीख आणि अहवाल दिल्याची तारीख यांत 16 दिवसांचे अंतर होते, आणि खाली लिहिले होते की एएसटीएम बी 117 पद्धतीने 1,000 तास मिठाच्या फवाऱ्यात ठेवूनही पात्यावर गंज आढळला नाही. 35 अंश सेल्सिअसच्या बंद कपाटात 5 टक्के मिठाच्या पाण्याचा धुक्यासारखा फवारा अखंड मारत ठेवायचा, अशी ती चाचणी असते. 1,000 तास म्हणजे 41 दिवसांहून अधिक काळ. हा हिशेब करायला अभियंता असण्याची गरज नाही; शाळकरी मुलाने तो तोंडी केला असता. दोन्ही तारखा आणि तासांचा आकडा एकाच पानावर होते आणि आम्ही मात्र शेवटच्या पानावरचा ‘उत्तीर्ण’ हा हिरवा शिक्का पाहत बसलो.

चिन्हे आणखीही होती. पात्यावर पोलादाचे नाव एच-1 असे कोरलेले होते. या पोलादात कार्बन अत्यल्प आणि नायट्रोजन थोडे असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यातही सहसा गंजत नाही. अहवालात कार्बन आणि नायट्रोजन यांचे प्रमाण दोन दशांश स्थळांपर्यंत दिले होते आणि उपकरण म्हणून हातात धरण्याचे, क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे एक्सआरएफ यंत्र नोंदवले होते. त्या यंत्राला ही दोन हलकी मूलद्रव्ये दिसतच नाहीत. कार्बनसाठी ठिणगी पाडून वर्णपट पाहणाऱ्या यंत्रासारखे वेगळे यंत्र लागते. हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि ते माहीत असणे माझे कामही नव्हते. त्यासाठीच तर 38,500 रुपये मोजले होते.

कठीणपणाची गोष्ट याहून सोपी होती. रॉकवेल सी चाचणीत हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने धातूत दाबतात आणि त्याचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा धातूवर कायम राहतो. आमचे ‘तपासलेले’ नमुने पाकिटात बंद होऊन परत आले होते. पाते दिव्याखाली तिरके धरले तर टोकापासून मुठीपर्यंत एकही खड्डा नाही, एकही ओरखडा नाही, आणि तथाकथित 1,000 तासांच्या मिठानंतर क्लिपचे स्क्रूसुद्धा लखलखीत. नमुने परत मागवा आणि त्यांच्यावर चाचणीचे व्रण शोधा. व्रण नसतील तर पुढचा पैसा देऊ नका.

चाकूला असलेल्या काच फोडण्याच्या टोकाबद्दल अहवालाने कळसच केला होता: लॅमिनेटेड काच 25 पैकी 25 वेळा पहिल्याच घावात फुटली म्हणे. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालकांच्या संघटनेने 2019 मध्ये बाजारातील सहा साधने तपासली होती. त्यांपैकी चारांनी गाडीची टेम्पर्ड काच फुटली, लॅमिनेटेड काच मात्र एकानेही फुटली नाही, कारण तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो आणि तडे गेले तरी तो काच धरून ठेवतो. विक्रेत्याच्या चित्रफितीत काच क्षणात चुरा होऊन खाली पडते, ती टेम्पर्डच असते. काचेच्या कोपऱ्यावरची, तिचा प्रकार सांगणारी खूण दाखवायला सांगा, म्हणजे त्याची बोलती बंद होईल.

साठ चाकू आले, हे आमचे दुर्दैव. आलेच नसते तर निदान तक्रार सोपी झाली असती. हायपोक्लोराइटने पुसून, स्वच्छ पाण्याने धुऊन ठेवलेल्या पात्यांवर दुसऱ्या सकाळी दातांच्या खाचांत तांबूस ठिपके उमटले होते. काच फोडण्याचे टोक टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे म्हणून विकलेले; साध्या कानशीने घासले तर काळा रंग निघून खाली मऊ पांढरा धातू दिसला. सर्वांत वाईट लॉक. लायनर लॉकमध्ये आतली पोलादी पट्टी पात्याच्या बुडाशी येऊन अडते. आमच्या चाकूंत ती पट्टी जेमतेम कडेला टेकत होती. ओला पट्टा कापण्याच्या सरावात एका स्वयंसेवकाने जोर लावताच पट्टी सरकली आणि पाते त्याच्या बोटांवर मिटले. जाड हातमोजा होता म्हणून बोटे राहिली. पैशांपेक्षा या गोष्टीचा राग मला अधिक आहे, आणि तक्रार घेणाऱ्या एकाही कार्यालयाला तिच्यात रस वाटला नाही.

पोलिसांकडे गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा: “साठ चाकू कशाला लागतात तुम्हाला?” फिर्यादी मी, आणि पथकाचे नोंदणीपत्र, ठराव, सदस्यांची यादी दाखवून स्वतःला निर्दोष सिद्ध करण्याची पाळीही माझ्यावरच आली. नंतर सांगण्यात आले की माल मिळाला आहे, तेव्हा हा फसवणुकीचा नव्हे तर मालाच्या दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचाकडे जा. तिथे कळले की खरेदी संस्थेच्या नावे असल्याने आम्ही ‘ग्राहक’ आहोत का, हाच आधी मोठा प्रश्न आहे. बँकेने उत्तर दिले की व्यवहार आपण स्वतः मंजूर केला होता, त्यामुळे त्यात काही करता येणार नाही. खाते गोठवा अशी विनंती मी त्याच दिवशी केली होती, तिची पोच आली तेव्हा खात्यात काही उरलेच नव्हते. ज्या बाजारपेठेच्या संकेतस्थळावर हा विक्रेता ‘सत्यापित’ म्हणून झळकत होता, त्यांनी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली’ म्हणून परस्पर बंद केली. समाधान कोणाचे झाले, हे विचारण्यासाठी तिथे फोन नंबर नाही.

कळस झाला तो प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेकडे. अहवालावर आयएसओ/आयईसी 17025 या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता आणि तिचा क्रमांक छापलेला होता. तो क्रमांक खरा निघाला, पण पाणी आणि खाद्यपदार्थ तपासणाऱ्या एका भलत्याच प्रयोगशाळेचा. मान्यता सरसकट नसते. कोणत्या चाचण्यांसाठी ती दिली आहे याची यादी प्रत्येक प्रमाणपत्राला जोडलेली असते आणि ती पाहता येते. आपणही तीच पाहावी, आणि प्रयोगशाळेला फोन करताना अहवालावरचा नंबर न वापरता मान्यता यादीतला वापरावा. मी हे सारे कळवल्यावर त्या संस्थेचे लेखी उत्तर आले की आम्ही फक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळांवर कारवाई करतो, आणि सदर प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नसल्याने प्रकरण आमच्या कक्षेत येत नाही. म्हणजे थोडी खरी मान्यता असती तर शिक्षा झाली असती. पूर्ण खोटी असल्यामुळे ती सुटली.

तोच अहवाल आता वेगळ्या विक्रेत्याच्या नावाने फिरतो आहे. मुखपृष्ठ आणि तारखा बदलल्या आहेत, अंतर 21 दिवसांचे केले आहे, मिठाच्या फवाऱ्याचे 1,000 तास मात्र तसेच ठेवले आहेत. कठीणपणाच्या तक्त्यात सर्व नमुन्यांपुढे 58.37 हा एकच आकडा आहे, तोही तोच आहे. हा आकडा कोणाच्या हाती आलेल्या कागदावर दिसला, तर पैसे थांबवावेत आणि कागद जपून ठेवावा. पोलिसांनी मला सांगितले आहे की दुसरी तक्रार आली तरच ते पहिलीचा विचार करतील.