नायकी पेगासस ४१: पंख तळव्याखाली
विजयाच्या ग्रीक देवतेचं नाव कंपनीला, पंखवाल्या घोड्याचं बुटाला. १९८३ पासूनच्या मालिकेतल्या या बुटात पंख म्हणजे हवेच्या दोन पिशव्या: एक टाचेखाली, दुसरी चवड्याखाली. मधला थर रिॲक्टएक्स फोमचा, टाच चवड्यापेक्षा १० मिमी उंच. म्हणून आधी टाच टेकवणाऱ्यांना रोजच्या सावकाश धावेसाठी उत्तम. वेगाच्या सरावाला मात्र जड, तिथे घोडा काही उडत नाही. माप संध्याकाळी घ्या, पाय थोडे फुगलेले असताना, अंगठ्यापुढे बोटाच्या रुंदीएवढी जागा ठेवून. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम बसतो. तळ शाबूत दिसला तरी पोटऱ्या, गुडघे कुरकुरू लागतात. मशीनमध्ये धुऊ नका. आतलं पॅड काढून सावलीत वाळवा, उन्हात गोंद सुटतो.